२४, २५ की ३०? एकाच शूटमधून वेब, टीव्ही आणि थिएटर

एकच शूट वेब, टीव्ही आणि थिएटर अशा तिन्हीकडे वापरायचं असेल, तर सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) घ्यायच्या: २४, २५ की ३०? फक्त फोनवर पाहिलं जाणार असेल, तर ३० बद्दल माझी तक्रार नाही. फोनचे पडदे बहुधा ६० किंवा १२० हर्ट्झचे असतात, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलतात, त्यामुळे प्रत्येक फ्रेम सारखाच वेळ टिकते. २५ तिथे किंचित अडखळतं, हे मान्य; पण मुद्दाम शोधल्याशिवाय मला ते जाणवलेलं नाही. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे ३० वर शूट करताना शटरचा वेग १/५० सेकंदाला बांधून ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटखाली पट्टे सरकत राहतात.

खरा त्रास नंतर होतो. काम ‘फक्त वेबसाठी’ म्हणून सुरू होतं आणि पुढे २५ वर चालणारं एखादं टीव्ही चॅनल तेच मागतं. ३० चं २५ करायचं म्हणजे दर सहापैकी एक फ्रेम गाळायची. मुलाखतीत हे खपून जातं. पण माझ्याकडच्या एका नृत्याच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा नर्तकीबरोबर संथ पॅन होतो (आडवा वळतो) आणि मागे खांबांची रांग आहे. रूपांतरानंतर ते खांब सेकंदाला पाच हिसके देत सरकायला लागले. फ्रेम ब्लेंडिंग (शेजारच्या फ्रेम एकमेकांत मिसळणं) केलं तर प्रत्येक खांबाला दोन कडा. ऑप्टिकल फ्लो (हालचालीच्या अंदाजाने नव्या फ्रेम बनवणं) लावला तर मुद्रा धरलेली बोटंच एकमेकांत विरघळली. इतक्या मेहनतीने केलेल्या नाचाचं असं झालेलं मला बघवेना. तेव्हापासून काम कुठे जाणार हे पक्कं नसेल, तर मी २५ धरतो.

२५ वरून थिएटरच्या २४ वर जाताना एकही फ्रेम गळत नाही. तीच फाइल जरा सावकाश चालवायची: १०० मिनिटांची फिल्म साधारण १०४ मिनिटांची होते. आवाज अर्ध्या स्वराहून थोडा कमी उतरतो, तो पिच (स्वराची उंची) दुरुस्त करून वर आणता येतो. यूट्यूब २५ आहे तसं घेतं. टीव्हीला इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी आळीपाळीने दाखवणारं) हवं असेल, तर एका फ्रेमची दोन फील्ड, म्हणजे ओळींचे दोन अर्धे संच, होतात, चित्र बिघडत नाही.

फिल्म थेट थिएटरसाठीच असेल तर २४ उत्तम, यात वाद नाही. फक्त कॅमेऱ्याच्या मेनूतलं ‘२४’ अनेकदा प्रत्यक्षात २३.९७६ असतं आणि डीसीपीसाठी (थिएटरला द्यायच्या डिजिटल प्रतीसाठी) नेमकं २४ लागतं, तेवढं आधी तपासा. २५ ला ही दशांशाची भानगड नाही.

फॉरमॅटचं फार ताणू नये. मास्टर (मूळ अंतिम प्रत) प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर या उच्च दर्जाच्या फॉरमॅटमध्ये, वेबसाठी त्यातूनच एच.२६४ या लहान आकारात दाबणाऱ्या पद्धतीची एमपी४. फोनवरचं फुटेज मात्र एडिटला घेण्याआधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. फोन फ्रेम रेट मधेच कमीजास्त करतो आणि लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज वेगळे पडतात.

खेळ किंवा वेगवान हालचाल टिपायची असेल, तर ६० ऐवजी ५० घ्या. एकाआड एक फ्रेम सोडली की सरळ २५ मिळतं.