जुनं पुस्तक मागवलं, पाकीट ओलं, आतला माल भारी

टोंगाच्या (पॅसिफिक समुद्रातला बेटांचा देश) कवयित्री कोनाई हेलू थामन यांचं १९८१चं 'लांगाकाली' हे कवितांचं पुस्तक ऑनलाइन सेकंडहँड मागवलं. बेळगावात टिळकवाडीत पोचायला तीन आठवडे, पाकीट ओलं, कोपरे दुमडलेले, कुरिअरवाला म्हणतो पाऊस हाय की हो! पॅकिंगला एकच स्टार.

कविता मात्र लई साध्या, माझं इंग्रजी कच्चं असलं तरी जमतंय. बाई १९४६च्या, फिजीतल्या साउथ पॅसिफिक युनिव्हर्सिटीत शिक्षणशास्त्राच्या प्रोफेसर होत्या. त्यांची 'काकाला' पद्धत आधीच वाचलेली, म्हणजे टोंगात फुलांची माळ करतात तसं संशोधन, आधी फुलं वेचा (तोली), मग गुंफा (तुई), मग दुसऱ्याला देऊन टाका (लुवा). आपल्याकडं गजरेवाल्या मावशी रोज हेच करतात पण त्याला थिअरी कोण म्हणणार. शाळेत पोरांची स्वतःची भाषा-संस्कृती पाहिजे हे त्यांचं म्हणणं बेळगावात राहून वेगळं समजावं लागत नाही.