ऑइल हीटर, लहान मुलं आणि पुण्याची पहाट : चार महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात हीटर लागतो का, हा प्रश्न दुपारी दोनला विचारला तर हसू येईल. डिसेंबरात दुपारी २८-२९ अंश असतात आणि मुलं गॅलरीत बनियनवर खेळत असतात. तोच प्रश्न पहाटे साडेपाचला, बाहेर ९-१० अंश असताना विचारून बघा. इथली खरी थंडी पहाटे चार ते आठ, एवढीच. हीटर त्या चार तासांच्या हिशेबाने घेतला आणि वापरला तर पैसे वसूल होतात. रात्रभर चालवायला घेतला, तर सकाळी मुलाचा घोळणा फुटलेला आणि महिनाअखेर बिल फुगलेलं, अशी दुहेरी वसुली होते.

हे लिहिलंय ते ११ फिनच्या (फिन म्हणजे तेल भरलेले उभे पत्र्याचे पंख), २५०० वॅटच्या ऑइल हीटरबद्दल. १०००, १५०० आणि २५०० वॅट अशा तीन पायऱ्या, थर्मोस्टॅटची (ठरावीक उबेला वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचची) गोल चावी, अंगचा २४ तासांचा टायमर, खाली चार चाकं. वापर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. खोली १० बाय ११ फुटांची, खिडकी उत्तरेला. घरात एक मूल चार वर्षांचं, दुसरं सव्वा वर्षाचं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातले बहुतेक हीटर आतून सारखेच असतात. फरक असतो तो चाकांत, वायरच्या लांबीत आणि टायमरमध्ये.

घेण्याआधी एक काम करा. तीनचारशे रुपयांचा तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर मुलाच्या गादीच्या उंचीवर ठेवा आणि आठवडाभर पहाटे सहाचा आकडा लिहून ठेवा. शहराचा आकडा पेपरात येतो, तो तुमच्या घराचा नव्हे. पाषाण, शिवाजीनगर, एनडीए परिसर आणि मगरपट्टा, वडगाव शेरी यांच्या किमान तापमानात एकाच पहाटे चार-पाच अंशांचा फरक सहज असतो. मधल्या मजल्यावर, दोन्ही बाजूंना शेजारी असलेल्या फ्लॅटमध्ये खोली २१ च्या खाली जात नसेल, तर हीटर घेऊच नका. पायमोजे आणि जाड सतरंजी पुरेल. आमच्या खोलीत आकडा १८ ते १८.५ होता.

त्यातलाही एक अंश खिडकीने खाल्लेला निघाला. आपल्याकडच्या तीन ट्रॅकच्या स्लायडिंग खिडकीत दोन काचा आणि एक जाळी असते. दोन्ही काचा आपापल्या बाजूला असतील तरच मधल्या उभ्या पट्ट्या एकमेकींत अडकतात. जाळी सरकवण्याच्या नादात काचांची अदलाबदल झाली, की खिडकी दिसते बंद, पण मध्ये बोटभर फट राहते. उदबत्ती पेटवून फटीजवळ धरा, धूर आत वळला की समजा. काचांच्या कडेचा केसाळ ब्रश झिजला असेल तर बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, मीटरवर मिळतो. जुना ओढून काढायचा आणि नवा खाचेत सरकवायचा, प्रत्येक खिडकीला अर्धा तास. दाराखालची फट मात्र बुजवू नका, खोलीत ताजी हवा यायला तेवढी वाट हवीच.

खिडकीबद्दल एवढं लिहायचं कारण साधं आहे. या खोलीतली हवा जेमतेम ३५ किलो भरते. ती पाच अंशांनी तापवायला १००० वॅटला हिशेबाने तीन मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात तास-सव्वा तास लागतो, कारण हीटर आधी स्वतःचं तेल तापवतो, मग उष्णता भिंती पितात, फरशी पिते आणि उरलेली फटीतून बाहेर जाते. पडदा जमिनीपर्यंत ओढला आणि फरशीवर सतरंजी टाकली, तर १८.५ वरून २१.५ वर यायला १००० वॅट पुरतात. २५०० ची पायरी चार महिन्यांत दोनदा लावली. आता घ्यायचा झाला तर ९ फिनचा घेऊ. तो हलकाही असतो आणि उंबऱ्यावरून उचलताना कंबर धरत नाही.

पॉइंटचं दुखणं मात्र पुण्याच्या फ्लॅटमध्ये हमखास. हीटरला मोठ्या तीन पिनांचा १६ अँपिअरचा प्लग असतो. २५०० वॅटला जवळपास ११ अँपिअर वीज लागते. बेडरूममध्ये असा पॉइंट एकच, एसीचा, आणि तो असतो सात फुटांवर छताखाली. वायर दीड मीटरची. मग लोक एक्स्टेंशन बोर्ड किंवा लहान सॉकेटमध्ये बसणारा जोडप्लग वापरतात. तासाभराने तो हाताला कोमट लागतो आणि पंधरा दिवसांत पिवळा पडतो. जळका वास येतो तो त्यानंतर. इलेक्ट्रिशियनकडून एसीच्याच लाइनवरून खाली शटरवाला १६ अँपिअरचा सॉकेट काढून घ्या. एसी आणि हीटर एकदम कोणी लावत नाही, त्यामुळे लाइनवर ताण येत नाही. अर्थिंग तपासा आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) आहे ना तेही बघून घ्या. तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, सुटा सॉकेट स्वस्त मिळेल, पण आयएसआय चिन्ह बघून घ्या. दहा-वीस रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

जोडणी सोपी. हीटर गादीवर उलटा करायचा, पहिल्या आणि शेवटच्या फिनजवळ यू आकाराचा बोल्ट अडकवायचा, चाकांची पट्टी बसवून हाताने फिरवायच्या दोन कानांच्या नटाने (विंग नट) आवळायची. नट अर्धवट राहिला तर चाक तिरपं होतं आणि हीटर एका बाजूला कलतो. कललेल्या हीटरचा पडल्यास बंद होणारा स्विच अधूनमधून उगाच सुटतो, आणि दोष हीटरचा वाटतो. आडवा वाहून आणला असेल तर सरळ उभा करून तास-दोन तास थांबा, तेल खाली बसू द्या. आत तापवणारी कॉइल तेलात बुडालेली असावी लागते. पहिल्यांदा तासभर पूर्ण पायरीवर, खिडक्या उघड्या ठेवून आणि मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवून चालवा. रंगाचा वास येतो तो तेव्हाच जाऊ दे.

तेल कधी भरायचं, असं नातेवाईक हमखास विचारतात. कधीच नाही. ते सीलबंद असतं, जळत नाही, संपत नाही. खाली तेलाचा डाग दिसला तर मात्र हीटर बंद करून परत द्यायचा. डाग पुसून वापरत राहायचं नाही.

दुकानदार दोन गोष्टी ठोकून सांगतात : हा ऑक्सिजन जाळत नाही आणि हवा कोरडी करत नाही. पहिली खरी आहे, पण कुठलाच विजेचा हीटर ऑक्सिजन जाळत नाही, त्यात याचं कौतुक काय? (कोळशाची शेगडी जाळते, आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड सोडते. बाळाला शेक द्यायला ती खोलीत आणण्याचा आग्रह कोणीही धरला तरी ऐकू नका.) दुसरी गोष्ट अर्धीच खरी. हीटर हवेतलं पाणी काढून घेत नाही, पण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घसरते. १८ अंशाला ५० टक्के असलेली खोली २३ ला नेली, तर मीटर ३७ च्या आसपास दाखवतो. पुण्याची हवा हिवाळ्यात आधीच कोरडी, त्यात हे. ओठ उलतात, नाकात खपल्या धरतात, थोरल्याने नाकात बोट घातलं की घोळणा फुटतो. उपाय पाण्याची वाटी नव्हे, तिच्याने आकडा हललासुद्धा नाही. उपाय म्हणजे २१ वर थांबणं. सोबत ओला टॉवेल दोरीवर, हीटरपासून लांब. नाकात झोपताना साध्या सलाइनचे थेंब घातले तर खपल्या मऊ राहतात.

थर्मोस्टॅटच्या चावीवर आकडे असतात १ ते ६. ते अंश नव्हेत. शिवाय तो हीटरच्या अंगावरचीच हवा मोजतो, म्हणून खोलीआधी तोच समाधानी होतो. लावायची रीत अशी : चावी शेवटपर्यंत फिरवा, गादीजवळच्या मीटरवर २१ दिसेपर्यंत थांबा, मग ‘टक्’ आवाज येईपर्यंत हळूहळू मागे आणा. तिथे स्केचपेनने खूण करा. पुढचे चार महिने चावीला हात लावावा लागत नाही. आमची खूण साडेतीनच्या जरा पुढे आली.

टायमरवर आमचा जीव होता आणि तोच सगळ्यात तापदायक निघाला. गोल तबकडी, भोवती ९६ खुंट्या, एक खुंटी म्हणजे १५ मिनिटं. साडेपाच ते आठच्या खुंट्या आत दाबायच्या. सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितल्यापासून आमच्याकडे व्हॅन सव्वाआठला येते, म्हणून आठ. अडचण अशी, की तबकडी चालते ती प्लगच्या विजेवर. घरात रांगतं-चालतं मूल म्हणजे दिवसा प्लग काढावाच लागतो, आणि मग घड्याळ तिथेच थांबतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी तेच. त्यामुळे रोज रात्री प्लग लावून तबकडी चालू वेळेवर आणावी लागते, तीही फक्त घड्याळाच्या दिशेने. उलटी पिळली की आतले दाते तुटतात. विसरलात, तर हीटर भलत्याच वेळी सुरू होतो. तरीही बाहेरचा टायमर किंवा स्मार्ट प्लग लावू नका. बहुतेक माहितीपत्रकांत त्याला स्पष्ट मनाई असते, कारण हीटरवर काही पडलेलं असताना तो आपोआप सुरू झाला तर आग लागू शकते. तबकडीची बारीक घुरघुर आणि तापताना पत्र्याचा टक-टक आवाज हेही सांगून ठेवतो. पत्रा प्रसरण पावतो म्हणून आवाज होतो, तो दोष नव्हे. धाकट्याची झोप मात्र पहिले आठ दिवस मोडली.

मुलांपासून अंतर किती? तीन फूट, चारही बाजूंनी. कॉइल हीटर लाल दिसतो म्हणून मूल बिचकतं, हा पांढरा किंवा काळा, गप्प उभा. वरचा भाग सगळ्यात तापतो, नेमका उभं राहायला शिकणाऱ्या मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर. बंद केल्यावरही अर्धा-पाऊण तास तो गरम राहतो. आम्ही कोपऱ्यात ठेवून पुढे, बाळ जिन्यावर जाऊ नये म्हणून लावतात तसली फाटकाची जाळी भिंतीत स्क्रूने पक्की केली, जाळी आणि हीटर यांत तीन फूट सोडून. त्यात खोलीचा कोपरा गेला, पण पर्याय नाही. वर लंगोट, कानटोप्या, मोजे वाळत टाकण्याचा मोह आवरा. हीटर झाकला की आतला सुरक्षा-स्विच वीज तोडतो आणि तो पुन्हा सुरू व्हायला तासभर घेतो. कपडे पुण्याच्या कोरड्या उन्हात दुपारपर्यंत वाळतातच. फिनमध्ये काय काय पडेल याचा नेम नसतो : बोरन्हाणानंतर दोन दिवस चुरमुरे जळल्याचा वास येत होता. फुंकून निघत नाहीत. प्लग काढून, थंड करून, जुन्या पेंट ब्रशला कापड गुंडाळून वरून खाली ढकलायचे.

अंघोळीसाठी हीटर बाथरूममध्ये नेऊ नका, दारातही नको. त्याचा उपयोग अंघोळीनंतरचा. खोली २१ वर, कपडे, मोजे आणि टॉवेल ओळीने मांडलेले, बादलीत आधी गार पाणी मग गरम, कोपराने बघून. अंग पुसून स्वेटर चढेपर्यंतची पाच मिनिटं मुलं रडत नाहीत, हाच या यंत्राचा खरा फायदा. खोबरेल तेलाची बाटली गोठली म्हणून ती हीटरवर ठेवू नका, प्लास्टिक वाकतं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतंच. वाटीत काढून ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली की मिनिटभरात पातळ होतं.

हीटर चालू असताना बाळाला थराथराने गुंडाळायचं नाही. एक सुती थर, वर बाळाला अंगात घालायची झोपायची पिशवी, बस. वर्षाच्या आतल्या बाळावर सैल दुलई किंवा रग नकोच. हात-पाय गार लागतात म्हणून आजी आणखी एक टोपी चढवते, पण बघायची ती मान, मागून. घामेजली असेल तर एक थर काढा.

विजेचा हिशेब : अडीच तास, १००० वॅट, थर्मोस्टॅट मधूनमधून तोडतो ते धरून रोज दोन युनिट, महिन्याला साठ. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तुमचा वापर २८० च्या आसपास असेल तर साठातली चाळीस युनिटं वरच्या दराने लागतील. सगळं बिल वरच्या दराने होतं हा समज चुकीचा आहे, फक्त वरची युनिटं. गीझरचा खर्च याहून जास्त निघाला, कारण त्याचं बटण कोणी बंदच करत नाही.

शिवरात्रीच्या सुमारास पहाटे खोली २१ वर राहायला लागली की आवरून ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर फिनमधली धूळ व्हॅक्यूमने किंवा ब्रशने काढा. धूळ राहिली तर पुढच्या नोव्हेंबरात पहिल्या दिवशी घरभर जळका वास येतो. वायर गुंडाळायची, पण घट्ट नाही. जुन्या चादरीत बांधून माळ्यावर उभाच ठेवा, आडवा नको. दोघांनी मिळून चढवा, १४-१५ किलो भरतो, आणि फिनला नाही, दोन टोकांच्या पत्र्याला धरा, कारण फिनच्या कडा बोटं कापतात.