विश्रामबागेतील भाड्याची खोली आणि एसटीचा पास

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यावर मी विश्रामबागेत एका घरमालकांकडे पहिल्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली, आणि तिच्याविषयी माझे मत एकंदरीत चांगले आहे. खोलीत उजेड भरपूर आहे, विजेचे मीटर स्वतंत्र आहे आणि महाविद्यालय पायी गाठता येते. मात्र पिण्याचे पाणी ठरावीक वेळीच येते, आणि अनामत रकमेची पावती मला मागून घ्यावी लागली, हे खटकले.

कृष्णाकाठच्या भागात खोली पाहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तिथे पाणी कुठवर चढले होते, हे शेजाऱ्यांना अवश्य विचारावे, कारण कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी वाढू लागली की तळमजल्यावरचे सामान तातडीने हलवावे लागते, आणि परगावाहून आलेल्या एकट्या विद्यार्थ्याला ते सोपे नसते. भाडे थोडे कमी म्हणून हा धोका पत्करू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रवासाचे म्हणाल, तर सांगली-मिरज रस्त्यावरील एसटीची शहरी सेवा मला उपयोगी वाटते. विद्यार्थी पासावर भाड्यात ६६.६७ टक्के सवलत असल्याने जेमतेम एक तृतीयांश रक्कम भरावी लागते. त्यासाठी महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. संध्याकाळी गर्दी फार होते. सुट्टीत गावी जाणाऱ्यांना मिरज जंक्शनहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही दिशांच्या रेल्वेगाड्या मिळतात, त्यामुळे पहिल्याच सत्रात दुचाकी घेण्याची गरज नाही.