गोल भिंत आणि कमानीसाठी फ्लेक्सिबल मोल्डिंग: घेऊन, लावून, रंगवून झालं, त्याचा रिव्ह्यू

आधी निकालच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. घरात गोल भिंत, कमान, गोल खिडकी असलं काही असेल तर पॉलियुरेथेनचं, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचं, फ्लेक्सिबल मोल्डिंग (कडेला लावायची वाकणारी पट्टी) घ्या. महाग आहे, साध्या एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) पट्टीच्या कितीतरी पट पैसे जातात, पण काम खरंच सुबक होतं. फक्त ते कुठल्या बाजूला वाकणार आहे हे दुकानदाराला नीट समजल्याशिवाय एक फूटसुद्धा ऑर्डर करू नका. आणि सरळ भिंतीला हे लावू नका, तिथे नेहमीची लाकडाची पट्टीच बरी.

आमचं घर दादरला, जुनी बिल्डिंग. १९३०-४० च्या सुमारास दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या पट्ट्यात ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यातल्या बऱ्याच आर्ट डेको वळणाच्या आहेत, कोपरे गोल, बाल्कन्या गोल, जिन्याचे कठडे गोल. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या अशाच इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, आमच्या इकडच्या त्या यादीत नाहीत पण गोलाई तीच आणि माझा जीव त्या गोलाईवरच आहे. रिनोव्हेशन काढलं तेव्हा घरातल्या दोघा-तिघांचं म्हणणं होतं की ड्रायवॉल टाकून भिंत सरळ करून घ्या, फर्निचर नीट लागेल. मी ठाम नाही म्हटलं. मग हॉलच्या गोल भिंतीला खाली लादीलगत स्कर्टिंग, वर छतालगत कॉर्निस, आणि हॉल ते जेवणाची खोली या कमानीभोवती पट्टी असं तिन्ही ठिकाणी मोल्डिंग लागणार होतं.

पर्याय नव्हते असं नाही. आमच्या सुतारकाकांचं म्हणणं, एमडीएफच्या पट्टीला मागून करवतीने जवळजवळ खाचा पाडू आणि वाकवू. वाकतं ते, पण समोरून बघितलं की गोलाई न दिसता छोटे छोटे सपाट तुकडे जोडल्यासारखं दिसतं, ग्लॉसी रंग मारला की जास्तच, आणि त्या उघड्या खाचांमधून एमडीएफ पाणी पितं. आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, वर चार महिने पाऊस, म्हणजे ते फुगणारच. सागवानाच्या पातळ पट्ट्या फर्म्यावर एकावर एक चिकटवून वाकवणं हा सगळ्यात देखणा प्रकार, पण त्याला वेळ आणि तसा हात असलेला माणूस पाहिजे. पीओपीचं म्हणाल तर छताच्या कॉर्निसला ते आजही उत्तम आहे, पत्र्याचा फर्मा ओढत जागेवरच गोल कॉर्निस काढणारा कारागीर तुम्हाला मिळाला तर त्याच्याकडूनच करून घ्या, मी पण कॉर्निस शेवटी पीओपीचीच केली. पण स्कर्टिंगला झाडू, मॉप, व्हॅक्यूमचे धक्के रोजचे, कमानीच्या कडेला जाता-येता खुर्च्या आपटतात, तिथे पीओपीचे टवके उडतात. त्या दोन जागांना फ्लेक्सिबल.

आता मुख्य मुद्दा, आणि हाच बहुतेक दुकानात कुणी विचारत नाही. पट्टी दोन प्रकारे वाकते. गोल भिंतीचं स्कर्टिंग असतं ते पट्टीच्या सपाट बाजूने वाकतं, जाडी कमी असते म्हणून सहज वाकतं, ते सरळ किंवा गुंडाळी करून आलेलं चालतं. कमानीभोवतीची पट्टी मात्र कडेवर वाकते, आणि तिथे गणितच वेगळं. समजा अर्धगोल कमान ४ फूट रुंद आहे आणि पट्टी ३ इंच रुंद, तर पट्टीची आतली कड साधारण ७५ इंच भरते आणि बाहेरची जवळजवळ ८५ इंच. म्हणजे एकाच पट्टीची एक बाजू दुसरीपेक्षा साडेनऊ इंचांच्या आसपास लांब व्हायला पाहिजे. सरळ पट्टी आणून जबरदस्तीने वाकवली की आतल्या बाजूला सुरकुत्या येतात आणि बाहेरची बाजू भिंतीपासून उचलली जाते. मुंबईतच सी. पी. टँकला एका दुकानात मला कमानीसाठी सरळ गुंडाळीच दाखवत होते, "वाकतं ना मॅडम, रबरासारखं आहे" म्हणून. मी घेतली नाही. दुसऱ्या दुकानात त्या माणसाने स्वतःहून विचारलं की कमानीचं माप काय, पूर्ण अर्धगोल आहे की चपटी, पट्टी किती रुंद, मग म्हणाला ही त्या गोलाईतच साच्यात ओतून येते, थोडं थांबावं लागेल. तिथेच ऑर्डर दिली. लांबी मोजायची ती बाहेरच्या कडेची, आतली मोजून दिली तर पट्टी कमी पडते.

भिंत आतून गोल आहे की बाहेरून हे पण सांगावं लागतं. खांबाभोवती लावताना पट्टीचा पुढचा भाग ताणला जातो, खळग्यात लावताना दाबला जातो, आणि प्रत्येक डिझाइनला किमान किती रेडियसपर्यंत वाकेल याची मर्यादा असते. कॅटलॉगमध्ये ती लिहिलेली असते, विचारा. बेल्जियमच्या ओरॅक कंपनीच्या मोल्डिंगमध्ये नंबराच्या शेवटी एफ असेल तर तो फ्लेक्सिबल प्रकार, त्यामुळे एकाच डिझाइनचं सरळ भागाला कडक आणि गोल भागाला लवचिक असं घेता येतं, हे मला फार आवडलं.

रेडियस काढायची सोपी पद्धत सांगते. गोल भागाच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणा, तिची लांबी मोजा, मग दोरीच्या मध्यापासून भिंत किती आत आहे ते मोजा, ही झाली वळणाची खोली. लांबीचा वर्ग भागिले त्या खोलीची आठपट, त्यात खोलीचं अर्ध मिळवा. दोरी ४८ इंच आणि खोली ६ इंच असेल तर ४८ अधिक ३, रेडियस ५१ इंच. पण जुन्या घरात भिंत पूर्ण वर्तुळात नसतेच, कुठे प्लास्टर जाड कुठे पातळ, म्हणून दोन-तीन ठिकाणी मोजा आणि कमानीसाठी तर ब्राउन पेपर लावून पेन्सिलने आकार उतरवून तोच कागद दुकानात द्या.

माल आला की लगेच लावायला घेऊ नका, ज्या खोलीत लावायचंय तिथे रात्रभर सपाट पसरून ठेवा, गुंडाळीचा ताण जातो. एसीत थंड पडलेली पट्टी ताठ होते, जराशी उन्हात ठेवली किंवा हेअर ड्रायर फिरवला की मऊ पडते.

लावण्यापेक्षा जास्त वेळ भिंतीला द्या हे मी कळकळीने सांगते. जुन्या मुंबईच्या घरात भिंतीवर चुना, त्यावर डिस्टेंपर, त्यावर अजून काय काय असे थर असतात, आणि कितीही भारी अ‍ॅडहेसिव्ह लावलं तरी ते चिकटतं त्या वरच्या थराला, थर सुटला की पट्टी त्याच्यासकट हातात येते. जिथे पट्टी बसणार तेवढा भाग खरवडून पक्क्या प्लास्टरपर्यंत नेला, धूळ काढली, प्रायमर मारला. भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त, आणि शक्यतो पावसाळ्यात हे काम काढूच नका.

चिकटवायला पॉलियुरेथेनचं कन्स्ट्रक्शन अ‍ॅडहेसिव्ह. लाकडाचा पांढरा गोंद इथे नको, तो लाकडात मुरून पकड घेतो, ही पट्टी काही शोषत नाही. पट्टीच्या मागच्या बाजूला सँडपेपर मारून जरा खरबरीत केली, नागमोडी रेघेत अ‍ॅडहेसिव्ह लावलं, एका टोकापासून सुरू करून दाबत दाबत दुसऱ्या टोकाला गेलो आणि मध्ये मध्ये पिन गनने पिना मारल्या. पट्टी ताणायची अजिबात नाही. ताणून बसवली की नंतर ती आकसते आणि जोडाला फट दिसते. उलट मापापेक्षा सूतभर लांब कापायची आणि दाबून बसवायची. कापायला बारीक दातांची करवत. जिथे लाकडाची सरळ पट्टी आणि ही गोल पट्टी भेटते तो जोड सरळ भागावर, वळण संपल्यावर घ्या, आणि तिथे टोकांना इन्स्टंट ग्लू. आमच्याकडे हा जोड हात फिरवला तरी लागत नाही, सुतारकाका आधी या प्लास्टिकच्या विरोधात होते पण काम त्यांनी मन लावून केलं.

फिनिशिंगला पेंटरशी बोलावं लागतं कारण त्यांचा हात लांबी (भोकं-फटी बुजवायचा लगदा) भरून घासायला बसलेला असतो. कडक लांबी किंवा वॉल पुट्टी लवचिक पट्टीवर तडकते. पिनांची भोकं आणि भिंतीलगतची फट अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरायची, ते रंगवता येतं आणि हलतं. सिलिकॉन नको, त्याच्यावर रंग धरत नाही. साच्यातून काढताना लावलेला तेलकट थर पट्टीवर राहिलेला असू शकतो, तो स्पिरिटच्या फडक्याने पुसून, २२० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने घासून, प्रायमर, मग पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग. ऑइल पेंटचा थर वाळून कडक होतो, वाकलेल्या जागी चिरा जातात. आणि रंग नेहमी लावून झाल्यावर, आधी रंगवून मग वाकवणं म्हणजे रंग वाया.

पॉलिशवाल्यांची निराशा होईल. स्टेन घेणारी, लाकडासारख्या रेषा असलेली फ्लेक्सिबल पट्टी मिळते, पण स्टेन तिच्यात मुरत नाही, वरच बसतो, म्हणून जेलसारखा घट्ट स्टेन लागतो आणि बाजूच्या खऱ्या सागवानाशी उजेडात रंग जुळत नाही. आमचे दरवाजे सागवानी आहेत, म्हणून कमान आम्ही भिंतीच्याच ऑफ व्हाइटमध्ये रंगवली आणि ती छान वेगळी उठून दिसते.

ऑनलाइन मिळणाऱ्या मागे टेप असलेल्या स्वस्त पीव्हीसी पट्ट्यांचा आणि याचा काही संबंध नाही, त्या टाइल किंवा काचेवर ठीक, डिस्टेंपरच्या भिंतीवर दमट हवेत टेप सुटते.

गॅसच्या शेगडीजवळ मी हे मोल्डिंग लावणार नाही, उष्णतेने मऊ पडतं. बाल्कनीत लावायचं असेल तर बाहेर चालतं का हे बिलावर लिहून घ्या आणि लगेच रंगवा, न रंगवलेलं पॉलियुरेथेन उन्हात पिवळं पडतं. आणि बिल्डिंग हेरिटेज यादीत असेल तर बाहेरच्या बाजूला हात लावण्याआधी सोसायटीमार्फत महापालिकेत विचारा, मुंबईला हेरिटेजचे नियम १९९५ पासून लागू आहेत.