पीडेरस ओळखायला ४० पट पुरतं का?

ठाणे स्टेशनजवळ सायंटिफिक सामानाच्या दुकानात मिळणारा हा २०/४० पट स्टिरिओ मायक्रोस्कोप पीडेरस या छोट्या भुंगेऱ्यांचा वंश (जीनस) ओळखण्यापर्यंत चोख काम देतो. नारिंगी छाती, आखूड निळसर पंखकवचं, काळं शेपूट लख्ख दिसतं. दिवा मात्र कडक. पंखकवचं चमकली की त्यांवरचे खळगे बुजतात. दिवा आणि किड्याच्या मध्ये ट्रेसिंग पेपर लावा.

रंगावरून प्रजाती ठरवू नका, जवळच्या प्रजाती सारख्याच रंगाच्या असतात. आठव्या उदरखंडाला खालून खोल खाच दिसली की नर. प्रजाती त्याच्या जननेंद्रियावरून ठरवायची: ते काढून १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) मऊ करा, धुऊन ग्लिसरीनमध्ये ठेवा. जास्त मुरलं तर कडाच दिसेनाशा होतात. इथे ४० पट तोकडंच पडतं, कंपाउंड मायक्रोस्कोप लागतोच. आणि हातमोजे घाला: किडा चिरडला की अंगातल्या पेडेरिन या विषाने कातडीवर फोड येतात.