मुंबईतला मॅनेजर, कोकणातला पटकथाकार: वापरानंतरचा अनुभव

वापरलेली सेवा: मुंबईतल्या एका टॅलेंट एजन्सीचा लेखक विभाग, म्हणजे लेखकाचं काम, करार आणि हप्ते बघणारे मॅनेजर. करार १ वर्षाचा, एक्सक्लुझिव्ह (त्या काळात दुसरी एजन्सी नाही), कमिशन १५ टक्के. वापरणारे: रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहून मराठी आणि हिंदीत लिहिणारे. एजन्सीचं नाव देत नाही, कारण नाव बदललं तरी करारनाम्याचा मसुदा बहुतेक ठिकाणी उन्नीस-बीस फरकाने हाच असतो.

गुण असे. नवीन काम आणून देणं: ५ पैकी २. करार वाचणं आणि घासाघीस: ४. अडकलेले हप्ते सोडवणं: साडेचार. स्क्रिप्टवरचे अभिप्राय: ३, तेही वाचणारा कोण बसलाय त्यावर.

पहिल्या आकड्यावर बरेच जण नाराज होतील. मॅनेजर मिळाला की फोन वाजायला लागतील, ही अपेक्षा जवळपास सगळ्यांची असते आणि तिथेच घोडं पेंड खातं. मॅनेजरचा हिशेब साधा आहे. त्याला तुमच्या मानधनाचा हिस्सा मिळतो. मराठी चित्रपटाच्या नवीन लेखकाचं मानधन मुळात तुटपुंजं, त्याचे १५ टक्के म्हणजे एजन्सीच्या ऑफिसचा महिन्याचा चहा. त्यामुळे जिथे बोलणी आधीच सुरू आहेत तिथे तो जोर लावतो, शून्यातून सुरुवात करून देत नाही. निव्वळ मराठी लिहिणाऱ्याला मोठ्या एजन्सी सहसा घेतही नाहीत. हिंदी वेब सीरिजच्या रायटर्स रूममध्ये, म्हणजे अनेक लेखक मिळून लिहितात तिथे, बसू शकेल असा माणूस त्यांना हवा असतो. एखाद्या ओटीटीच्या क्रिएटिव्हने (कथा निवडणाऱ्या माणसाने) ‘किनारपट्टीवरची गोष्ट आहे, मालवणी लिहिणारं कोणी आहे का?’ असं विचारलं की यादीतून तुमचं नाव पुढे जातं. मग एक ओळखीची मीटिंग लागते. तिथून पुढचं तुमचं तुम्हीच बघायचं.

म्हणून योग्य वेळ कोणती? हातात दोन पूर्ण पटकथा आणि कुठूनतरी आलेली एक ऑफर असेल तेव्हा. ‘अमुक प्रॉडक्शन हाऊसने करार पाठवलाय, वाटाघाटीसाठी कोणीतरी हवंय’ या मेलला दोन दिवसांत उत्तर येतं. ‘माझ्याकडे एक भन्नाट कल्पना आहे’ या मेलला येत नाही.

इंटरनेटवरचे सल्ले वाचताना एक लक्षात ठेवा, ते बहुतेक अमेरिकेतले आहेत. तिथे एजंट आणि मॅनेजर या दोन वेगळ्या जाती. कॅलिफोर्नियात एजंटला राज्याचा परवाना लागतो आणि त्याचं कमिशन १० टक्के. मॅनेजरला कायद्याने काम मिळवून देण्याचा व्यवहार करता येत नाही, पण निर्माता म्हणून नाव लावता येतं. एजंटांनी स्टुडिओकडून घेतलेल्या पॅकेजिंग फीवरून (लेखक, दिग्दर्शक, कलाकार एकत्र बांधून दिल्याचे पैसे) एप्रिल २०१९ मध्ये हजारो लेखकांनी तिथले आपले एजंट सोडले होते. आपल्याकडे अशी वाटणी नाही. एकच माणूस एजंटही असतो, मॅनेजरही आणि उद्या निर्माताही, आणि सगळा भार तुम्ही सही केलेल्या करारावर. कमिशन साधारण १० ते २० टक्क्यांत फिरतं.

आता तयारी. पहिला मेल १५० शब्दांच्या आत: तुम्ही कोण, काय लिहिलंय, एका कथेची दोन ओळींची लॉगलाइन (कथेचं सार), आणि ‘हवं असल्यास पटकथा पाठवतो’. न मागता फाइल जोडू नका; कित्येक ठिकाणी कायदेशीर कारणाने ती उघडतच नाहीत. आधी रिलीज फॉर्मवर सही मागतात. तो फॉर्म वाचून सही करा. ‘मिळत्याजुळत्या कथेबद्दल तक्रार करणार नाही’ हे वाक्य त्यात बहुधा असतंच, ते पुसलं जात नाही. त्यावरचा उपाय म्हणजे पाठवण्याआधी नोंदणी. अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की पटकथा घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येते. दिल्लीच्या कॉपीराइट ऑफिसात साहित्यकृतीची फी ५०० रुपये, आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. कॉपीराइट नोंदणीशिवायही असतोच. नोंदणी हा तारखेचा पुरावा.

एकांकिका लिहिणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण कोकणात पटकथेकडे वळणारे निम्मेअधिक लोक तिथूनच येतात. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र प्रयोगाच्या परवानगीसाठी असतं, ते मालकीचा कागद म्हणून दाखवू नका. दुसरं, कल्पनेवर मालकी नसते. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये नाटककाराच्या विरोधात निकाल दिला तो याच मुद्द्यावर: विषय आणि कल्पना मोकळ्या, संरक्षण मिळतं ते मांडणीला. म्हणून मीटिंगमध्ये तोंडी सांगितलेल्या गोष्टीचा एक पानी सारांश त्याच संध्याकाळी मेल करावा. व्हॉट्सॲपवर नको, मेलच.

फाइलचा प्रकार क्षुल्लक वाटतो, पण पहिली चाळणी तिथेच लागते. श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल मुंबईतल्या माणसाच्या फोनवर उघडली की नुसती खिचडी दिसते, आणि तो तुम्हाला कळवत बसत नाही. युनिकोडमध्ये लिहा, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ करा, दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. काही पटकथा-सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जोडाक्षरं तुटतात. ‘स्त्री’, ‘कृष्णा’, ‘दर्या’ असे शब्द टाकून आधी तपासा. एक पान म्हणजे एक मिनिट हा नियम इंग्रजीच्या १२ पॉइंट कुरियरचा आहे, देवनागरीत तो जसाच्या तसा लागू होत नाही. मालवणी संवाद असतील तर पूर्ण पटकथा मालवणीत पाठवू नका. वाचणारा बहुधा अमराठी असतो. वर्णन हिंदी किंवा इंग्रजीत, संवाद मालवणीत आणि खाली हिंदी अर्थ, असे दोन-तीन सीन पुरतात.

मग थांबायचं. तीन आठवड्यांनी एक आठवण, आणखी तीन आठवड्यांनी दुसरी, त्यानंतर विषय सोडून द्यायचा. ‘वाचून कळवतो’चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की अजून कोणी वाचलेलं नाही. वाचणारा मॅनेजर स्वतः नसतो, त्याच्याकडची बावीस-तेवीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा असतो; त्यांच्याशी नीट बोला, दोन वर्षांनी तेच खुर्चीत असतात. नोंदणी फी, पोर्टफोलिओ फी, ‘आधी आमची कार्यशाळा करा’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. खरा मॅनेजर तुम्हाला पैसे मिळाल्यावरच पैसे घेतो.

आता करार. यात सर्वात जास्त वेळ घालवावा.

कमिशन कशावर, हे आधी. मसुद्यात ‘लेखकाच्या सर्व सर्जनशील उत्पन्नावर’ असं लिहिलेलं असतं. त्यात गावच्या नाट्यमंडळाने प्रयोगाला दिलेलं मानधनही येतं, दिवाळी अंकातल्या कथेचे हजार रुपयेही येतात. तिथे ‘चित्रपट, वेब सीरिज आणि टीव्ही मालिका’ एवढंच लिहून घ्या. नाटक, एकांकिका, पुस्तकं बाहेर. करारापूर्वी ज्यांच्याशी बोलणी सुरू होती त्या निर्मात्यांची यादी परिशिष्ट म्हणून जोडा, त्यावर कमिशन नाही. एजन्सी कुरकुरते, पण मान्य करते.

दुसरं, कमिशन कधी. यात लोक बुडतात, म्हणून आकडे मांडतो. समजा एका चित्रपटाचं मानधन ६ लाख. हप्ते: सहीला १० टक्के, ट्रीटमेंटला (पटकथेआधीची विस्तारलेली कथा) २०, पहिल्या ड्राफ्टला २५, दुसऱ्याला २५, शेवटच्याला २०. कमिशन १५ टक्के म्हणजे ९०,००० आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १६,२००. निर्माता प्रत्येक हप्त्यातून १० टक्के टीडीएस कापतो. ‘जसा हप्ता, तसं कमिशन’ असेल तर पहिल्या ६०,००० मधून टीडीएस ६,०००, कमिशन ९,००० आणि जीएसटी १,६२० जाऊन हातात ४३,३८० पडतात. कमिशन टीडीएस कापण्याआधीच्या रकमेवर काढतात, हे धरून चाला.

आता काही मसुद्यांत ‘संपूर्ण कमिशन करार होताच देय’ असं कलम असतं. तेव्हा गंमत बघा. पहिल्या हप्त्याचे ५४,००० आले, आणि मॅनेजरला द्यायचे १,०६,२००. चित्रपट ट्रीटमेंटनंतर बंद पडला, जे अगदी रोजचं आहे, तर तुम्हाला एकूण मिळालेल्या १,८०,००० मधून टीडीएस जाऊन राहिले १,६२,०००, आणि कमिशन-जीएसटी वळते करून ५५,८००. तेच हप्त्यानुसार कमिशन असतं तर १,३०,१४० राहिले असते. एका वाक्याने ७४,००० च्या वर फरक. ‘प्रत्यक्ष प्राप्त रकमेवर, प्राप्त झाल्यानंतर’ हे शब्द करारात आले पाहिजेत.

टीडीएस तुमच्या पॅनवर जमा होतोय का, हेही बघा. पैसे एजन्सीच्या खात्यातून फिरून येत असतील तर कधी कधी तो त्यांच्या पॅनवर कापला जातो आणि विवरणपत्र भरताना तुमच्या नावावर काहीच दिसत नाही. पैसे थेट तुमच्या खात्यात आणि कमिशनचं बिल वेगळं, ही पद्धत बरी. एजन्सीला ती आवडत नाही, मग निदान ‘रक्कम आल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत लेखकाला’ एवढं तरी लिहून घ्या.

तुमच्या वतीने सही करण्याचा अधिकार मॅनेजरला देऊ नका. वाटाघाट त्याची, सही तुमची.

निर्मात्याच्या करारात मॅनेजर किती पाण्यात आहे हे कळतं. कॉपीराइट कायदा, १९५७ सांगतो की हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभर वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल तर तो परत येतो. निर्मात्याचा वकील म्हणूनच ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, वर्षभर वापर न झाला तरी’ असं लिहून या तिन्ही गोष्टी बंद करतो. चांगला मॅनेजर निदान ‘३ वर्षांत चित्रीकरण सुरू न झाल्यास हक्क लेखकाकडे’ एवढं परत मिळवतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा लेखकाला सोडून देताच येत नाही. ‘यापुढे कसलाही मोबदला मागणार नाही’ हे कलम पाहूनही मॅनेजर गप्प बसला तर दुसरा शोधा. श्रेय ‘कथा’, ‘पटकथा’, ‘संवाद’ असं तोडून लिहून घ्या. मालवणी संवादांसाठी बोलावतात आणि शेवटी ‘भाषा सल्लागार’ म्हणून नाव लागतं, हा प्रकार आपल्याकडच्या लोकांबाबत फार होतो.

फुकट कामाची मर्यादाही ठरवा: एक पान आणि एक तोंडी नॅरेशन (कथा सांगणं) फुकट, ट्रीटमेंटपासून पुढे पैसे. मॅनेजर स्वतःच ‘प्लॅटफॉर्मला पाच-सहा कन्सेप्ट हवेत, रविवारपर्यंत टाक’ म्हणतो तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं. म्हणून ते आधीच लिहिलेलं असलेलं बरं.

अंतराचं काय? ‘उद्या ४ वाजता अंधेरीत ये’ हा निरोप मालवणात दुपारी येतो. कोकणकन्या, तुतारी दोन्ही गाड्या वेटिंगवर. मे महिना, शिमगा, गणपती असेल तर बोलायलाच नको. मॅनेजरला सुरुवातीलाच सांगा: ५ दिवस आधी कळवायचं आणि दोन दिवसांत किमान तीन मीटिंग लावायच्या. चांगल्या मॅनेजरला हे जमतं. सही झाल्यानंतरच्या प्रवासाचा खर्च निर्मात्याचा, हे मेलवर घ्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच संथ होतं, शिवाय वाऱ्यापावसात लाइट आणि नेटवर्क दोन्ही जातं. जून ते सप्टेंबरमध्ये व्हिडिओ नॅरेशन असेल तर राउटर इन्व्हर्टरवर, फोनचं दुसरं सिम तयार, आणि नॅरेशनचा ऑडिओ आधीच रेकॉर्ड करून ड्राइव्हवर. ड्राफ्टची तारीख गणपतीच्या आठवड्यात कधीच कबूल करू नका.

तळकोकणातल्या लोकांना मुंबईला एक पर्याय आहे, तो फार कमी जण वापरतात. एनएफडीसीचा (केंद्र सरकारचं चित्रपट विकास महामंडळ) फिल्म बाजार, आताचा वेव्हज फिल्म बाजार, २००७ पासून गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने भरतो. सावंतवाडीहून पणजी दीड-दोन तासांवर. प्रतिनिधी म्हणून नोंदणीला पैसे पडतात, पण अंधेरीत महिनाभर भेट न देणारे लोक तिथे एका आवारात फिरत असतात. एजन्सीवाल्यांनाही तिथेच गाठा.

शेवटी, करारातून बाहेर कसं पडायचं. हे लिहून घ्या: ३० दिवसांची लेखी सूचना, कारण न देता, दोन्ही बाजूंना. करार संपल्यावरही कमिशन चालू राहण्याचा काळ ६ महिन्यांपुरता, आणि तोही फक्त त्याने प्रत्यक्ष भेट घडवलेल्या, नावानिशी यादीत असलेल्या प्रकल्पांवर. ‘वर्षभर दुसऱ्या एजन्सीकडे जायचं नाही’ हे कलम भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे टिकणं कठीण, तरी सहीआधीच खोडा; मुंबईच्या न्यायालयात ते सिद्ध करायला कणकवलीहून कोण जाणार? सूचनेच्या मेलमध्ये चार गोष्टी: कराराची तारीख, सूचनेची तारीख, चालू प्रकल्पांची यादी आणि प्रत्येकाचे आलेले-राहिलेले हप्ते. ‘या यादीला ७ दिवसांत लेखी हरकत न आल्यास ती मान्य समजेन’ हे वाक्य टाका, आणि त्याच मेलची छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा.