जुन्या अमेरिकन सेंटचं पाकीट मागवलं, ५ पैकी ३ स्टार

मागच्या महिन्यात ऑनलाइन ५० जुन्या अमेरिकन एक-सेंट नाण्यांचं पाकीट मागवलं, १४५० रुपये, वेंगुर्ल्यात पोचायला नऊ दिवस लागले. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण अशी पाकिटं बरेच जण विकतात आणि कुणी घ्यायच्या विचारात असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

मला हा नाद लागला मामामुळे. मामा बोटीवर होता, सुट्टीवर आला की खिशातली चिल्लर बिस्किटाच्या डब्यात टाकायचा, त्यात सेंटच जास्त. पण ते जवळजवळ सगळे लिंकन मेमोरियलवाले (मागच्या बाजूला लिंकनच्या स्मारकाची इमारत), म्हणजे १९५९ पासूनचे. त्याआधीची डिझाइनं हातात घेऊन बघायची होती, आणि तेवढ्यासाठी म्हणाल तर पैसे वसूल झाले.

दोन इंडियन हेड (पिसांचा मुकुट घातलेल्या डोक्याची) निघाली, १८९७ आणि १९०४ ची. हे डिझाइन १८५९ ते १९०९ चाललं. बाकीची बहुतेक लिंकनची, काट्याच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या, त्या १९५८ पर्यंत होत्या. मला सगळ्यात मजा आली ती १९१७ आणि १९३६ ची नाणी शेजारी ठेवून भिंगातून बघताना. झालं असं की १९०९ ला लिंकनच्या जन्माला शंभर वर्षं झाली म्हणून व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरने हे डिझाइन केलं आणि ओंब्यांच्या खाली आपली व्हीडीबी ही तीन अक्षरं टाकली, लोकांनी ओरड केली आणि थोड्याच दिवसांत अक्षरं काढून टाकली, मग १९१८ ला बारीक करून लिंकनच्या खांद्याच्या कडेला परत आणली. १९१७ वाल्यावर काही नाही, १९३६ वर आहेत, स्वतःच्या डोळ्यांनी बघितली! सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत अक्षरांसकट फक्त ४,८४,००० नाणी पाडली गेली, ते १९०९-एस व्हीडीबी (एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को) झिजलेलं असलं तरी शेकडो डॉलरला जातं. असल्या पाकिटात ते येणार नाही, ती आशा ठेवून घेऊ नका. साध्या ओंबीवाल्याला तिकडेही काही सेंटच मिळतात.

आता दोन स्टार का कापले ते. निम्म्याहून जास्त नाणी पॉलिश केलेली आहेत. बघताक्षणी कळतं, गुलाबी चकचकीत आणि बारीक ओरखडे. तांब्याच्या जुन्या नाण्यावरचा तपकिरी थर हाच त्याचा जीव, तो घालवला की जाणकार ते घेत नाही, किंवा फार कमी भाव देतो. आपल्याकडे घासायची सवय किती खोल आहे बघा, मामाचा डबा उघडला तेव्हा आईपण म्हणाली, "काळी पडली ती, दी हयसर, सोलां लावून घासतंय." देवाच्या ताम्हनाला सोलं लावा, नाण्याला कृपा करून नको.

दुसरं म्हणजे एक १९४३ चं पांढरं नाणं "दुर्मीळ, चांदीचं" लिहून वेगळ्या पाकिटात दिलंय. ही फसवणूक आहे. युद्धात तांबं वाचवायला त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची सेंट पाडली, तिन्ही टांकसाळींत मिळून शंभर कोटींच्या वर. लोहचुंबक लावलं, टपकन चिकटलं. खरं दुर्मीळ आहे ते उलटं, चुकून तांब्याच्या मिश्रधातूत पडलेलं १९४३, ते लाखो डॉलरला गेलंय.

पाकिटात १९८२ ची पण चार होती. त्या वर्षी मध्येच धातू बदलला, आत जस्त आणि वरून तांब्याचा पातळ थर. बाजारातल्या सोनाराकडे वजन करून घेतलं, तीन भरली ३.१ ग्रॅम म्हणजे जुन्या तांब्याच्या मिश्रधातूची, एक २.५ म्हणजे जस्तवालं. आपल्या खाऱ्या हवेत ही जस्तवाली आधी खराब होतात, थर जरा कुठे फाटला की आतून पांढरी भुकटी. आणि विकणाऱ्याने दिलेल्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत तर अजिबात ठेवू नका, त्याने तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो. मी सगळी कागदी होल्डरमध्ये घालून स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात पुड्या दर पंधरा दिवसांनी बदलतो.

सोबत चिठ्ठी होती, "सेंट बंद झालं, भाव चढणार". १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात चलनातलं शेवटचं सेंट पाडलं हे खरं, एक पाडायला साडेतीन सेंटहून जास्त खर्च येत होता. पण अब्जावधी नाणी अजून लोकांच्या बरण्यांत पडून आहेत, साध्याचा भाव कशाला चढेल?

पॅकिंग चांगलं, मोजून ५० भरली. विकणाऱ्याला मेसेज केलाय की न घासलेलं पाकीट असेल तर दोनशे रुपये जास्त देईन, उत्तर आलं की इथेच लिहितो.